मोबाइलच्या पडद्याचें प्रमाण आणि तें बदलतांना घ्यावयाची खबरदारी

चाळिशी उलटली म्हणजे माणसास जवळचें अक्षर अंधुक दिसूं लागतें, आणि म्हणूनच आपल्या भाषेंत चष्म्यासही चाळिशी हेंच नांव पडलें आहे. डोळ्यांतील भिंग वयपरत्वें ताठर होत जातें व जवळच्या वस्तूवर नजर जुळविण्याची त्याची शक्ति उणावते. हा कांहीं रोग नव्हे. परंतु ह्या अडचणीचा जाच केवळ पंचांग वाचतांना किंवा सुईंत दोरा ओंवतांना होत असे, तो काळ आतां गेला. शेताची नोंद, बँकेचें खातें, विम्याचा अर्ज, बाजारभाव आणि पावसाचा अंदाज, हें सारें सहा-साडेसहा इंची पडद्यावर येऊन बसलें आहे. महाराष्ट्र शासनानें १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू केली, तेव्हांपासून गांव नमुना बारामध्यें पडणारी पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः बांधावर उभें राहून मोबाइलवरून करावी अशी व्यवस्था झाली. पूर्वीं तलाठ्यानें, ज्यास अलीकडे ग्राम महसूल अधिकारी म्हणूं लागले आहेत, वहींत उतरलेला शब्द शेतकऱ्यास उतारा काढल्यावर दिसे. आतां लिहिणारा तोच आणि वाचणाराही तोच. तेव्हां पडद्यावरील अक्षर नीट दिसणें ही चैनीची बाब राहिलेली नाहीं.

अक्षर बारीक दिसतें अशी तक्रार करणारे पुष्कळ आहेत. कांहीं जण नातवंडाच्या हातीं फोन देऊन ‘वाच रे काय लिहिलें आहे’ म्हणून मोकळे होतात. दुसरे कित्येक जण सांपडेल ती खूण शेवटच्या टोकापर्यंत ओढून ठेवतात, आणि मग निम्मा मजकूर पडद्याबाहेर गेला म्हणजे फोन बिघडला असें समजून दुरुस्तीच्या दुकानाची वाट धरतात. वस्तुतः फोनांत ह्या कामीं दोन निरनिराळ्या सोयी केलेल्या असतात, व त्यांतला भेद ध्यानांत आला कीं बरीचशी अडचण आपोआप दूर होते.

पहिली सोय अक्षरांच्या आकाराची. तिनें फक्त लिहिलेला मजकूर लहानमोठा होतो, चित्रें व बटणें जशींच्या तशीं राहतात. दुसरी सोय पडद्याच्या प्रमाणाची. तिला फोनांत ‘डिस्प्ले आकार’ किंवा ‘स्क्रीन झूम’ असें म्हटलेलें असतें. तिनें अक्षर, चित्र, बटण, चौकट, सर्वच एकदम मोठें किंवा लहान होतें. अँड्रॉइड जातीच्या फोनांत ही दुसरी सोय सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे सन २०१६ पासून, मिळूं लागली.

ज्यानें महसूल खात्यांत उमेदीचीं वर्षें घालविलीं त्यास हें समजण्यास गांवाचा नकाशा पुरेसा आहे. कागद तोच ठेवून नकाशाचें प्रमाण वाढविलें तर प्रत्येक गटाची आकृति मोठी निघते, हद्दीच्या खुणा सहज वाचतां येतात. पण पूर्वीं ज्या कागदावर अख्खें गांव मावत होतें त्यावर आतां निम्मेंच मावतें व उरलेलें कागदाबाहेर जातें. शेतकऱ्याच्या भाषेंत सांगावयाचें तर पाभरीच्या दोन फणांतील अंतर वाढविलें म्हणून शेत वाढत नाहीं. ओळी तेवढ्या कमी बसतात.

फोन हा हिशेब कसा करतो तेंही थोडक्यांत पहावें, कारण पुढील खबरदारीचें मूळ त्यांत आहे. पडदा हा अत्यंत सूक्ष्म ठिपक्यांचा बनलेला असतो. आजकालच्या पुष्कळ फोनांत रुंदीच्या एका ओळींत १०८० ठिपके असतात. परंतु ॲप तयार करणारा कारागीर ह्या ठिपक्यांनीं मोजीत नाहीं, कारण कोणाच्या फोनांत ठिपके दाट असतात तर कोणाच्या विरळ. त्याचें माप कल्पित आहे, एका इंचास १६० भाग असें धरलेलें. तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा असें एकदां ठरलें कीं जमीन काळी असो वा मुरमाड, गुंठा तोच राहतो. तसाच हा भाग. ठिपक्यांची घनता इंचास ४८० धरली असतां एका भागांत तीन ठिपके येतात, आणि १०८० ठिपक्यांच्या पडद्याची रुंदी ३६० भाग भरते. आपण प्रमाण वाढविलें म्हणजे फोन आपली घनता जास्त आहे असें मानूं लागतो. ती ५४० मानली तर तोच पडदा ३२० भागांचा होतो. बटण ४८ भागांचें असेल तर तें ४८ भागांचेंच राहतें. परंतु एकंदर भाग कमी झाल्यामुळें तें डोळ्यांस मोठें दिसतें, आणि त्याच्या शेजारची वस्तु खालीं ढकलली जाते किंवा आंखडते. अँड्रॉइड बनविणाऱ्यांनीं ह्या सोयीस ३२० भागांचा बांध घालून ठेवला आहे व त्याच्या पलीकडे सरकपट्टी जात नाहीं. म्हणून रीतसर मार्गानें प्रमाण वाढविल्यास फोनास इजा होईल हें भय बाळगूं नये.

भय आहे तें निराळ्याच ठिकाणीं. मराठी अक्षरास इंग्रजी अक्षरापेक्षां उंची जास्त लागते; वर मात्रा, रफार व अनुस्वार, खालीं उकार. कांहीं ॲपांत चौकटीची उंची कायमची ठरवून टाकलेली असते. अक्षर वाढलें आणि चौकट वाढली नाहीं म्हणजे खालचा उकार कापला जातो, आणि ‘मूग’ हा ‘मग’ व ‘तूर’ ही ‘तर’ दिसूं लागते. पीक कोणतें हें शेतकऱ्यास ठाऊकच असतें, म्हणून हा प्रकार एक वेळ चालून जाईल. लांब मथळा रकान्यांत न मावल्यामुळें त्याची शेपटी तुटून तेथें तीन टिंबें येतात, हा प्रकार मात्र घातक.

आमच्या तालुक्यांतील एका ओळखीच्या बागायतदाराची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. त्यांनीं अक्षर व प्रमाण दोन्ही शेवटच्या खुणेपर्यंत नेऊन ठेविलें होतें. ठिबक संचाचा एक अर्ज भरतांना ‘क्षेत्र (हेक्टरमध्यें)’ ह्याऐवजीं त्यांस नुसतें ‘क्षेत्र’ एवढेंच दिसलें, कंस टिंबांत गडप झाला. गृहस्थांची जमीन दोन एकर. त्यांनीं निःशंकपणें २ हा आंकडा भरला. दोन एकर म्हणजे ऐंशी गुंठे, हेक्टरांत सुमारें ०.८१. अर्जानें वाचलें दोन हेक्टर, म्हणजे जवळजवळ पांच एकर. सातबाऱ्यावरील क्षेत्राशीं मेळ न बसल्यामुळें अर्ज त्रुटींत निघाला, पुन्हां भरावा लागला, आणि तोंवर लागवडीची वेळ टळून गेली. ह्यांत गृहस्थांचें गणित चुकलें नव्हतें व कोणाची लबाडीही नव्हती. एक कंस दिसला नाहीं एवढेंच. छापील नमुन्यावर शाईचा डाग पडून रकान्याचा मथळा वाचतां येत नसेल तर आम्ही कारकून लोक दुसरा नमुना मागून घेत असूं. पडद्यावर डाग पडल्याचें कळतच नाहीं, ही खरी अडचण आहे.

आतां प्रत्यक्ष रीति. सेटिंग्जमध्यें ‘डिस्प्ले’ ह्या सदरांत जावें. तेथें अक्षरांच्या आकाराची एक व प्रमाणाची एक अशा दोन सरकपट्ट्या मिळतात. अँड्रॉइडच्या तेराव्या आवृत्तीपासून ह्या दोन्ही गोष्टी एकाच पानावर आणल्या असून त्याच पानाच्या तळाशीं सर्व पूर्ववत् करण्याचें बटणही दिलें आहे. कंपनीगणिक शब्द व जागा बदलतात. सॅमसंगच्या फोनांत प्रमाणास ‘स्क्रीन झूम’ म्हणतात, इतरांत आणखी कांहीं. नेमकी जागा सांपडली नाहीं तर सेटिंग्जच्या माथ्यावर शोधण्याची चौकट असते, तींत ‘फॉन्ट’ असें लिहिलें कीं वाट निघते.

हात घालण्यापूर्वीं सध्यां खूण कितव्या घरांत आहे तें कागदावर टिपून ठेवावें. फोनांत टिपूं नये, कारण पुढें फोनच वाचतां आला नाहीं तर त्या टिपणाचा उपयोग काय? मग प्रथम अक्षरांचा आकार एक घर वाढवावा, प्रमाणास हात लावूं नये. कित्येकांचें काम येथेंच भागतें. न भागल्यास अक्षर ठळक करण्याची सोय अलीकडच्या फोनांत असते, ती चालू करावी. ठळक अक्षर जागा थोडीच जास्त खातें पण नजरेस फार सुखावतें, आणि माझें मत असें आहे कीं चाळिशी लागलेल्या माणसास आकारापेक्षां ठळकपणाचाच गुण अधिक येतो. एवढें करूनही बोट भलत्याच बटणावर पडत असेल, तरच प्रमाण एक घर वाढवावें. नांगर-कुळवानें घट्टे पडलेलीं आपलीं बोटें शहरांतल्या बोटांपेक्षां जाड असतात, व बटणें दाटीनें बसविणाऱ्यास त्याची कल्पना नसते. अक्षरांचा आकार डोळ्यांसाठीं व पडद्याचें प्रमाण बोटांसाठीं, असें समजून चालल्यास सहसा अतिरेक होत नाहीं.

घर वाढविल्यावर तें चांगलें झालें कीं नाहीं हें घड्याळ व निरोप वाचून ठरवूं नये. ज्या पानांवर आपलें नुकसान होऊं शकतें तीं पानें उघडून पहावीं. पीक नोंदणीच्या पानावर गट क्रमांक व क्षेत्र संपूर्ण दिसतें काय, हेक्टर व आर यांचे आंकडे एका ओळींत राहतात कीं तुटून दोन ओळींत जातात, तें पहावें, ०.४०.०० ह्यांतील एक टिंब वरच्या ओळींत व शून्यें खालच्या ओळींत गेलीं म्हणजे जुन्या कारकुनाचीही तारांबळ उडेल. पैसे पाठविण्याच्या पानावर, ज्यास पैसे जावयाचे त्याचें पूर्ण नांव दिसतें कीं अर्धें, हें तर अवश्य पहावें. गांवांत एकाच आडनांवाचीं पन्नास घरें असतात, आणि कापलेलें नांव पाहून दुसऱ्याच घरीं रक्कम जाण्यास वेळ लागत नाहीं. ई-पीक पाहणीच्या सन २०२२ च्या आवृत्तींत नोंदीनंतर ४८ तासांच्या आंत एकदां दुरुस्ती करण्याची सोय देण्यांत आली होती. एकदां गेलेले पैसे परत आणण्यास असली सोपी वाट नसते. संमतीचा मजकूर असेल तेथें बोटानें पान वर सारून तो तळापर्यंत वाचतां येतो काय तें पहावें. चावीपट वर आला म्हणजे सांकेतिक अंक भरण्याची चौकट त्याखालीं झांकली जात असेल, तर प्रमाण एक घर जास्त झालें असें समजून मागें घ्यावें.

आणखी एक. अर्ज अर्धा भरलेला असतांना, किंवा बँकेचा व्यवहार चालूं असतांना, मध्येंच सेटिंग्जमध्यें जाऊन सरकपट्टी हलवूं नये. प्रमाण बदललें म्हणजे उघडें असलेलें पान फोन नव्यानें मांडतो, व त्या मांडणींत भरलेली माहिती पुसली जाण्याचा संभव असतो. धान्य मोजावयास घेतल्यावर मध्येंच मापटें बदलीत नाहींत, तसेंच हें.

सातबाऱ्याचा उतारा मोबाइलवर घेणाऱ्यांची एक सार्वत्रिक तक्रार अशी कीं, सेटिंग कितीही वाढविली तरी उताऱ्याचें अक्षर बारीक तें बारीकच राहतें. त्याचें कारण असें कीं उतारा हा छापील पानाच्या रूपानें येतो व फोन तें पान अख्खें पडद्याच्या रुंदींत बसवितो. त्यावर वरील दोन्ही सोयींचा अंमल चालत नाहीं. तेथें दोन बोटें पडद्यावर टेकवून एकमेकांपासून दूर न्यावीं, किंवा फोन आडवा धरावा. आडवा धरल्यानें रुंद तक्ते वाचण्याची सोय फार चांगली होते, आणि सेटिंगला हातही लावावा लागत नाहीं. ज्या पानावर बोटांचा उपाय चालत नाहीं तेथें ‘ॲक्सेसिबिलिटी’ म्हणजे सुलभता ह्या सदरांतील भिंग उपयोगी पडतें. तें चालू केल्यावर खुणेनें पडद्याचा एक भाग तात्पुरता मोठा दिसतो व काम होतांच पूर्ववत् होतो. पानाची मांडणी ह्यानें हलत नाहीं, म्हणून क्षेत्र व रक्कम तपासण्यास मी हाच उपाय सर्वांत बिनधोक समजतों. व्हॉट्सॲपमध्यें अक्षरांचा आकार स्वतंत्रपणें वाढविण्याची सोय त्याच्याच सेटिंग्जमध्यें आहे. केवळ निरोप वाचण्यासाठीं सगळा फोन मोठा करण्याचें कारण नाहीं.

ह्या रीतसर वाटेखेरीज एक आडवाटही आहे, आणि गांवांतील तरुण मंडळींस तिचें भारी आकर्षण. बहुतेक फोनांत माहितीच्या पानावर ‘बिल्ड नंबर’ अशी एक ओळ असते. तिच्यावर लागोपाठ सात वेळां बोट टेकविलें म्हणजे डेव्हलपरचें म्हणून एरवीं झांकलेलें सदर उघडतें. हें सदर ॲप बनविणाऱ्या कारागिरांसाठीं आहे. त्यांत ‘सर्वांत कमी रुंदी’ ह्या अर्थाच्या ओळींत वर सांगितलेला ३६० सारखा आंकडा उघडा लिहिलेला असतो व तो हातानें बदलतां येतो. आंकडा लहान केला तर सर्व मोठें दिसतें आणि मोठा केला तर सर्व लहान. येथेंच पहिली फसगत होते, कारण अक्षर मोठें पाहिजे म्हणून माणूस साहजिकच मोठा आंकडा घालतो. त्यांत चुकून एक शून्य जास्त पडलें तर अक्षरें खसखशीच्या दाण्यांसारखीं होऊन बसतात, आणि चूक दुरुस्त करण्याचें पानही त्याच खसखशींत सांपडतें. फोन बंद करून पुन्हां चालू केल्यानें हा आंकडा मूळ पदावर येत नाहीं. अशा वेळीं चांगल्या नजरेच्या माणसाच्या हातीं खरोखरीचें काचेचें भिंग देऊन सेटिंग्जमधील प्रमाणाची सरकपट्टी शोधावी व ती मूळ खुणेवर आणावी, किंवा पहिला आंकडा टिपून ठेवला असेल तर तोच परत घालावा. जाणत्या माणसाकडून फोन संगणकास जोडून घनता पूर्ववत् करून घेतां येते, पण त्यासाठीं डिबगिंगची परवानगी फोनांत आधींच दिलेली असावी लागते. दुरुस्तीवाले मात्र बहुधा शेवटचा उपाय पहिला सांगतात; तो म्हणजे फोन संपूर्ण धुऊन कोरा करणें, ज्यास फॅक्टरी रीसेट म्हणतात. त्यानें प्रमाण सुधारतें हें खरें. परंतु गारपिटीचीं छायाचित्रें, पावत्या, उतारे, जें जें केवळ त्या फोनांतच होतें तें सर्व जातें. एका आंकड्यापायीं विम्याचा पुरावा घालवूं नये. शिवाय हें सदर उघडें राहिलें असतां कित्येक बँकांचीं ॲपें चालण्यासच नकार देतात, ही अडचण निराळीच. साध्या सरकपट्टीनें जें होतें त्यासाठीं ह्या वाटेस जाण्याचें प्रयोजन मला दिसत नाहीं.

पडद्याच्या निमित्तानें फसविणारेही आहेत. अक्षर मोठें करण्यासाठीं बाहेरून ॲप घेण्याची गरज नाहीं. घेतलेलें ॲप ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागूं लागलें तर ती देऊं नये, ती मिळाली म्हणजे त्यास आपल्या पडद्यावरील मजकूर वाचतां येतो व आपल्या वतीनें बटणेंही दाबतां येतात. ‘तुमच्या फोनची सेटिंग मी येथून बसल्या बसल्या करून देतों, फक्त एवढें ॲप उतरवून अंक सांगा’ असें म्हणणारा इसम कितीही गोड बोलला तरी फोन ठेवून द्यावा. अशा दूरस्थ नियंत्रणाच्या ॲपांतून खात्यांतील पैसे काढून घेण्याच्या प्रकाराविषयीं भारतीय रिझर्व्ह बँकेनें फेब्रुवारी २०१९ मध्येंच बँकांस सावध केलें होतें. सरकपट्टी ओढणें हें पांच मिनिटांचें काम आहे, त्यास परका माणूस लागत नाहीं. घरांतील शाळकरी मुलगी पुरे.

आयफोन वापरणारे आपल्या वाचकांत थोडे असतील. त्यांत अक्षरांचा आकार व ‘डिस्प्ले झूम’ ह्या गोष्टी अशाच वेगवेगळ्या असून झूम बदलतांना फोन स्वतः बंद होऊन पुन्हां चालू होतो, एवढें सांगून ठेवतों, म्हणजे कोणी दचकणार नाहीं.

अक्षर पुरेसें मोठें करूनही तें पसरट किंवा धुरकट दिसत असेल, अथवा दिव्याभोंवतीं वलय दिसत असेल, तर फोनची खूण आणखी पुढें न ओढतां डोळे तपासून घ्यावेत. मोतीबिंदूवर सरकपट्टी चालत नाहीं.

राहतां राहिला एकाच फोनावर दोघांची नजर असण्याचा प्रश्न, जो पुष्कळ घरांत असतो. बापास अक्षर मोठें पाहिजे व मुलास तें अडगळ वाटतें. सन २०२३ मध्यें आलेल्या अँड्रॉइडच्या चौदाव्या आवृत्तीपासून अक्षर मूळच्या दुपटीपर्यंत वाढवितां येतें, आणि त्यांत मुळांतलेच मोठे मथळे त्या मानानें कमी वाढतील अशी योजना केल्यामुळें पान पूर्वीसारखें विसकटत नाहीं. त्याच आवृत्तींत पडद्याच्या वरच्या कांठावरून बोट खालीं ओढलें असतां उघडणाऱ्या चौकटींत अक्षराच्या आकाराचें बटण आणून ठेवतां येतें. तेथील पेन्सिलीच्या खुणेवर बोट टेकवून तें बटण एकदां वर ओढून ठेवावें. मग मुलगा संध्याकाळीं फोन घेऊन बसला म्हणजे तो खूण आपल्या सोयीनें मागें नेईल, व सकाळीं रानांत जातांना आपण ती पुढें आणावी. ज्यांच्या फोनांत ही सोय नाहीं त्यांनीं अक्षर मुलाच्या मापाचें राहूं द्यावें आणि आपल्यापुरतें भिंग वापरावें.